शर्लिनच्या अंघोळीचं पाणी

उंडीपाड्यात लग्न म्हटलं की उंबराचं पाणी आलंच. अंधेरी पूर्वेला, टॉवरांच्या मध्ये अडकून राहिलेलं हे जुनं ख्रिस्ती गावठाण. इथली माणसं घरात मराठी बोलतात, चर्चमध्ये मराठीत गातात, आणि लग्नाच्या आदल्या संध्याकाळी बँड लावून गावच्या विहिरीवर जातात. बायका लुगडी नेसतात, तांब्याच्या कळश्या घेतात, उंबराखालच्या विहिरीतलं पाणी शेंदतात आणि त्या पाण्यानं नवरीला अंघोळ घालतात. पणजीच्या पणजीपासून हे असंच चालत आलंय, असं इथला कोणीही छाती ठोकून सांगेल.

एक गोष्ट मात्र कोणी सांगणार नाही. गेली कित्येक वर्षं त्या कळश्यांत विहिरीचं पाणी नव्हतंच. दुकानातले पाण्याचे कॅन आधीच तिथं नेऊन ठेवलेले असत. मिरवणूक पोचली की बायका कठड्याला टेकून दोर आत सोडल्यासारखं करत, पुरुष मागच्या मागे कळश्यांत कॅन ओतत, बँडवाले तेवढ्यापुरते जोरात वाजवत, आणि फोटोवाला कॅन दिसणार नाहीत असं बघे. मग सगळे मोठ्या भक्तिभावानं कंपनीचं पाणी घेऊन घरी येत. विहिरीवर लोखंडी जाळी होती, जाळीला कुलूप होतं, आणि खालच्या पाण्याकडे बघितलं तर जेवण जाणार नाही अशी त्याची अवस्था होती.

क्लॅरिसनं हे नाटक दुसऱ्यांच्या लग्नांत केलं होतं, आणि थोरल्या लेकीच्या, यव्होनच्या लग्नातही केलं होतं. यव्होनच्या डोक्यावर पाणी ओतताना म्हणायची प्रार्थना तेव्हा तिनं अर्ध्यावरच सोडली होती. धाकट्या शर्लिनचं लग्न मे महिन्यात ठरलं आणि घरात बोलणी करायला नातेवाईक जमले, तेव्हा बँड, जेवण, मांडव सगळं ठरून झाल्यावर क्लॅरिस म्हणाली की शर्लिनची अंघोळ विहिरीच्या पाण्यानं होईल, नाहीतर तो विधीच होणार नाही. कॅन या घरात येणार नाही.

सगळ्यांनी गिल्बर्टकडे बघितलं. गिल्बर्ट तिचा धाकटा दीर आणि गावठाणच्या कमिटीचा अध्यक्ष. क्लॅरिसचा नवरा डेल्रॉय हयात असताना या दोघा भावांनीच ती जाळी बसवली होती. विहिरीच्या पलीकडे कोकणातून आलेल्या लोकांची चाळ आहे. त्यांचे गणपती वर्षानुवर्षं याच विहिरीत विसर्जित व्हायचे. आधी शाडूचे, लहान, घरगुती. मग प्लास्टरचे, मोठे, रंगीत. विहीर घाण झाली, गावठाणनं आरडाओरडा केला, चाळीनं ऐकलं नाही, आणि एका रात्रीत जाळी बसली. तेव्हापासून दोन्हीकडची माणसं एकमेकांकडे न बघता त्याच गल्लीतून जातात.

गिल्बर्टचं म्हणणं सरळ होतं. तळाशी त्यांचे देव पडलेत. आपल्या पोरांनी ते उपसून बाहेर काढायचे आणि कोणीतरी मोबाइलवर व्हिडिओ काढायचा. ख्रिस्ती लोकांनी गणपती कचऱ्यात टाकले, असं लिहून तो सगळ्या मुंबईत फिरणार. मग लग्न बाजूला आणि पोलीस मांडवात. "वहिनी, वाट लागेल आपली. कॅनच्या पाण्यात काय वाईट आहे? उलट स्वच्छ असतं."

गिल्बर्ट भित्रा होता असं नाही. अशा गोष्टी हल्ली कशा पेटतात ते त्यानं बघितलं होतं, आणि तो म्हणाला त्यात खोटं काही नव्हतं. पण क्लॅरिसनं ते कानावर घेतलं नाही.

फादरनीही तिला बोलावून समजावलं. कळशीतल्या पाण्याला ते स्वतः येऊन आशीर्वाद देणार होते, म्हणजे पाणी कुठलं का असेना. क्लॅरिसनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "फादर, तुम्ही आशीर्वाद दिलात तर ते पाणी पवित्र होईल. पण विहिरीचं होईल का?" फादर हसले आणि त्यांनी विषय सोडून दिला. क्लॅरिसला वर्षानुवर्षं ओळखणारी माणसं तिच्याशी वाद घालत नसत, आणि फादर तर तिच्याहून लहान होते.

उरली शर्लिन. ती एका हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट आहे आणि तिला जंतू माणसांपेक्षा जास्त ठाऊक. तिनं आईला सांगितलं की लॅबमध्ये तपासून अंघोळीपुरतं बरं निघालं तर डोळे मिटून डोक्यावर घेईन, पण अंगावर पुरळ उठलं तर मांडवात सगळ्यांना तुझं नाव सांगेन. क्लॅरिसला तेवढं पुरे होतं.

आता एकच काम होतं, आणि ते तिला अजिबात करायचं नव्हतं. चाळीत जाऊन सुगंधाच्या दारात उभं राहायचं.

सुगंधा आणि क्लॅरिस एका वयाच्या, एकाच वर्षी या विहिरीवर नव्या नवऱ्या म्हणून आल्या. सुगंधाचा नवरा धोंडू गिरणीत, क्लॅरिसचा विमानतळावर. नळ आले तरी दोघी कपडे धुवायला विहिरीवरच यायच्या, कारण सासूची तक्रार करायला तेवढीच जागा होती. शर्लिन पोटात असताना क्लॅरिसला दुसऱ्या कोणाच्या हातचं जेवण जाईना, तेव्हा सुगंधानं तिला कुळथाची पिठी करून घातली होती. जाळी बसली त्या दिवशी हे सगळं संपलं. डेल्रॉय गेला तेव्हा सुगंधा आली, फाटकाबाहेर उभी राहिली आणि शवपेटी निघाल्यावर न बोलता परत गेली. क्लॅरिसनं तिला बघितलं होतं. बोलवायला हवं होतं, बोलावलं नाही.

सुगंधानं दार उघडलं, क्लॅरिसला बघितलं आणि तशीच आत जाऊन कुकरची शिट्टी होईपर्यंत बाहेर आली नाही. धोंडूनं मात्र टीव्हीचा आवाज कमी करून खुर्ची दिली. मग सुगंधा पदराला हात पुसत आली, समोर बसली, आणि क्लॅरिसनं कुठेही आडवळण न घेता सगळं सांगितलं. गाळ काढायचा आहे. खाली तुमचे देव आहेत. ते तुमच्या हातांनी निघावेत, आमच्या नाही.

"तुझ्या घोवान कुलूप घातल्यान," सुगंधा म्हणाली, "तेव्हा तू खय होतंस?"

"त्याच्या मागे उभी होते."

"गप?"

"गप."

सुगंधाला बहुधा सबबी ऐकायच्या होत्या, म्हणजे भांडता आलं असतं. शेवटी तिनं आपली अट सांगितली. देव चाळीतली माणसंच काढतील, आणि त्यांना मातीत ठेवायचं नाही, हे तर झालंच. पण तेवढं पुरे नव्हतं. जाळी बसल्यापासून तिच्या दीड दिवसाच्या गणपतीला टेम्पोत घालून दूरच्या कुठल्याशा हौदावर न्यावं लागत होतं. तिथं रांगेत उभं राहायचं, आणि कोणीतरी अनोळखी पोरगा हातातून मूर्ती घेऊन जायचा. दर वर्षी ती तिथून रडत घरी येत होती.

"यंदा आमचो गणपती ह्याच बावीत जाईत," ती म्हणाली. "शाडूचो आसा, एवढोसो. बोल, देतंस शब्द?"

क्लॅरिसला कळत होतं की हा शब्द द्यायचा तिला अधिकार नाही. विहीर गावठाणची, कमिटी गिल्बर्टची. एक गणपती गेला की मागून चाळीतले सगळे येणार, हेही कळत होतं. आत्ता उपसली तरी गणपतीनंतर विहीर परत होती तशी होणार.

"दिला," ती म्हणाली.

गिल्बर्टला हे कळलं तेव्हा तो दोन दिवस वहिनीशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी बोलला ते असं, की डेल्रॉय असता तर हे होऊ दिलं नसतं. क्लॅरिसनं त्याला सांगितलं की डेल्रॉय असता तर तिला घरातच भांडून घेता आलं असतं, आता नाही म्हणून ती बाहेर भांडते आहे. शब्द दिलाय तो पाळला जाईल, आणि रविवारी चर्चमधली मिसा झाली की जाळी उघडायची. किल्ली त्याच्याकडे असली तरी कुलूप तोडायची कानस तिच्याकडे होती. गिल्बर्ट किल्ली घेऊन आला.

रविवारी सकाळी अर्धं गावठाण आणि अर्धी चाळ विहिरीभोवती जमली. कपड्यांवरूनच कोण कुठलं ते कळत होतं, गावठाणचे मिसेच्या इस्त्रीत आणि चाळीतले बर्म्युड्यांत. सुगंधाचा मुलगा सहदेव एका टॉवरमध्ये पंप चालवतो, त्यानं तिथून पंप मागून आणला होता. पाणी उपसून झालं, आतल्या हवेचा अंदाज घ्यायला खाली मेणबत्ती सोडून ती विझत नाही हे बघून झालं, आणि मग सहदेव आणि गिल्बर्टचा मुलगा एल्टन कमरेला दोर बांधून उतरले. देव सहदेवनं उचलायचे आणि गाळ एल्टननं भरायचा, असं ठरलं होतं.

वर सुगंधानं जमीन झाडून घेतली होती. केळीची पानं ओळीनं मांडली होती आणि ताटात हळद, कुंकू, फुलं, निरांजन घेऊन ती उभी होती. गिल्बर्ट हाताची घडी घालून समोर उभा होता. आता सगळ्यांना दिसेल विहीर कोणी मारली ती, हे त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं. क्लॅरिस मध्ये उभी होती आणि मनातल्या मनात देवाकडे एवढंच मागत होती की कोणी कोणाला काही बोलू नये.

दोर हलला. पहिली टोपली वर आली. सुगंधा ताट घेऊन पुढे झाली आणि थांबली.

टोपलीत मारियामाता होती. नाक तुटलेली, निळ्या झग्याचे पोपडे निघालेली, चिखलानं भरलेली. तिच्या पायाशी प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवलेल्या रोझरीच्या माळा.

दुसऱ्या टोपलीत मुंडकं नसलेला संत आंतोन. तिसरीत काच फुटलेली येशूच्या हृदयाची तसबीर, एक क्रूस आणि ईस्टरआधीच्या झावळ्यांच्या रविवारी चर्चमध्ये मिळालेल्या, आता कुजून काळ्या पडलेल्या झावळ्या. खालून सहदेवचा आवाज आला, "काकी, हे सगळं तुमच्यातलंच आहे. आमचे अजून खाली असतील."

गावठाणची माणसं एकमेकांच्या नजरा चुकवायला लागली. आशीर्वाद दिलेली वस्तू मोडली तर ती कचऱ्यात टाकायची नसते. पुरायची, जाळायची, नाहीतर पाण्यात सोडायची. पुरायला इथं कोणाकडे अंगण उरलं नव्हतं आणि फ्लॅटमध्ये जाळायचं कुठं. तेव्हा संध्याकाळी, कोणी बघत नाही असं बघून, प्रत्येक घरानं आपापला मोडका संत जाळीच्या फटीतून किंवा काहीतरी निमित्त सांगून किल्ली मागून आणून खाली सोडला होता. एकच तर आहे, एकानं काय होतंय. आणि प्रत्येकाला वाटत होतं की आपण एकटेच. गणपती तळाशी होते, कारण त्यांना कुलूप लागलं होतं. वरचा सगळा थर कुलूप लावणाऱ्यांचा होता.

गिल्बर्टच्या हाताची घडी सुटली होती. संत आंतोनाच्या पायाशी एका बाजूनं उडालेला रंग आणि त्यावर कोणीतरी घाईनं लावलेला तपकिरी ऑइलपेंट होता. तो मूर्तीकडे एकदा बघून दुसरीकडे बघायला लागला. क्लॅरिसनंही तो आंतोन ओळखला. तो तिच्या सासूच्या देवघरातला होता.

चाळीतला एक पोरगा फसकन हसला आणि त्यानं मोबाइल वर केला. सुगंधानं मान न वळवता सांगितलं, "खाली घाल तो." त्यानं खाली घातला.

मग ती वाकली. मारियामातेला दोन्ही हातांनी उचललं, पदरानं तिचं तोंड पुसलं आणि आपल्या गणपतीसाठी मांडलेल्या पहिल्या पानावर ठेवलं. आंतोनाला दुसऱ्यावर ठेवलं. क्लॅरिसकडे बघून म्हणाली, "पानां कमी पडतली गो. धावत जा, आणखी हाड."

क्लॅरिस धावत गेली. त्या वयात धावणं शोभत नाही, पण गेली. केळीची पानं कापताना तिला रडू फुटलं आणि ते तिनं तिथंच संपवलं, कारण विहिरीवर काम पडलं होतं.

दुपारनंतर गणपती यायला लागले. सोंडा नसलेले, हात नसलेले, लोखंडी सळ्या बाहेर आलेले. एल्टन आणि सहदेवनं कोणी काय उचलायचं ते कधीच विसरून टाकलं होतं आणि वरच्यांनीही त्यांना आठवण करून दिली नाही. संध्याकाळी दोन्हीकडचे देव पानांवर शेजारी शेजारी होते. फादर आले, उभे राहिले, आणि त्यांनी गावठाणच्या वस्तू दफनभूमीत पुरायची परवानगी दिली. चाळीचे मंडळवाले आपले टेम्पोत घालून घेऊन गेले. गिल्बर्टनं आंतोनाला स्वतः हातात धरून दफनभूमीत नेलं.

आता पाणी यायला हवं होतं. मे महिना, आजूबाजूला टॉवरांच्या बोअरिंगा, आणि सगळ्यांनी मान हलवली होती की झरा मेलाय. क्लॅरिस रोज सकाळी जाऊन आत वाकायची. आधी नुसता ओला दगड. मग तळाशी हाताच्या पंजाएवढं डबकं. मग एका सकाळी सहदेवनं टॉर्च मारून दाखवलं की भिंतीच्या एका फटीतून बारीक धार चालू आहे. गढूळ होती. सुगंधानं तुरटी फिरवून दिली. शर्लिननं बाटली भरून लॅबमध्ये नेली आणि घरी येऊन आईच्या गालाला गाल लावला. पिण्याजोगं नाही, अंघोळीला चालेल.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी बँड वाजत विहिरीवर आला तेव्हा जाळी उघडी होती आणि कॅन नव्हते. मिरवणुकीत लुगड्यांमध्ये सुगंधाची नारंगी पैठणी होती, आणि ती कोणाच्याही पुढे चालत नव्हती की मागे. क्लॅरिसनं पहिली कळशी सोडली. दोर ताणला, हाताला वजन आलं, आणि इतक्या वर्षांनी हाताला तो जडपणा कळला तेव्हा तिला आपलं लग्न, डेल्रॉय, सासू, सगळं एकदम आठवलं. पाणी वर आलं. बँडवाले वाजवायचं विसरले.

सुगंधा कठड्यावर वाकून आत बघत होती. सरळ तळ दिसत होता, दगड दिसत होते, धारेनं हलणारी बारीक वाळू दिसत होती.

"गो," ती हळूच म्हणाली. "ह्यात नको सोडूया त्याका."

क्लॅरिसनं कळशी खाली ठेवली. "मी शब्द दिलाय. कोणी अडवणार नाही. गिल्बर्टसुद्धा नाही."

"तू दिलंस. मी परत करतंय. माझो एक गेलो की सगळ्या चाळीचे येतले. आणि तुमचे संत काय थांबतले?" तिनं कठड्यावर हात ठेवला. "माका तो हयच होयो. पण ह्या पाण्यात नको."

क्लॅरिसनं कळशी पुन्हा उचलून कमरेवर घेतली. सुगंधानं परत केली ती वस्तू किती मोठी होती हे तिथं तिला एकटीलाच कळत होतं. त्या रात्री शर्लिनच्या डोक्यावर पाणी पडलं आणि ती गारठ्यानं किंचाळली. क्लॅरिसनं प्रार्थना सुरुवातीपासून शेवटपर्यंत म्हटली.

त्या वर्षी मारियामातेचा जन्मदिवस आणि दीड दिवसाच्या गणपतीचं विसर्जन एकाच दिवशी आलं. संध्याकाळी गावठाणात मातेची मिरवणूक होती आणि तिथं पहिलं गाणं म्हणायचा मान क्लॅरिसचा. त्याआधी ती विहिरीवर आली. उंबराखाली एक मोठा टब ठेवला होता आणि तो क्लॅरिसनं स्वतः विहिरीचं पाणी शेंदून भरला. धोंडूनं पाटावरून गणपती आणला. आरती झाली, दोनदा बुडवून वर काढला, तिसऱ्यांदा सोडला, आणि बाकीची माणसं प्रसाद घेऊन पांगली.

विहिरीत देव एका क्षणात दिसेनासा होत असे. टबात तसं होत नाही. तो तळाशी बसून राहिला, सोंड, हात, डोळे सगळे दिसत होते, आणि शाडू हळूहळू सुटायला लागली. सुगंधा टबाशेजारी जमिनीवरच बसली. तिला उठवेना.

"असा बघूक होत नाय गो," ती म्हणाली. "डोळे अजून दिसतत."

क्लॅरिस तिच्या शेजारी बसली. गुडघे दुखत होते तरी बसली. गल्लीच्या टोकाला बँड सुरू झाला. एल्टन धावत सांगायला आला की सगळे तिच्यासाठी खोळंबलेत, फादरसुद्धा. तिनं त्याला हातानंच जा म्हणून सांगितलं.

"जा गो तू," सुगंधा म्हणाली. "तुझी माता वाट बघता."

"बघू दे," क्लॅरिस म्हणाली. "ती आई आहे. तिला कळतं."

तिनं पदर खोचला, कळशी विहिरीत सोडली, आणि वर आलेलं पाणी त्याच्या डोळ्यांवर हलकेच ओतत राहिली.